आतल्या कंसातली सून

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती तर स्वतःला जरा बऱ्या उजेडात दाखवलं असतं.

तारीख सांगते. अकरा मार्च, मंगळवार. दुपारचा एक वाजून वीस मिनिटं.

जागा... आमच्या ऑफिसचा चौथा मजला, खिडकीजवळचं तिसरं टेबल.

भुतं रात्री निघतात म्हणे. मी जे पाहिलं ते भर दुपारी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. आजूबाजूला चाळीस माणसं डबे उघडून बसली होती आणि कोणीतरी कोणाच्या तरी डब्यातलं लोणचं पळवत होतं.

आधी आमच्या घराबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

घरात सासूबाई, माझा नवरा, माझी सहा वर्षांची लेक, धाकटे दीर आणि त्यांची बायको. म्हणजे माझी जाऊ. मी थोरली, ती धाकटी. मी नऊ वर्षं ज्या कंपनीत प्रोग्रामर होते, तिथेच दीड वर्षापूर्वी ती लागली. चिकटवली कोणी? मीच. सासूबाई म्हणाल्या, "तुझी एवढी ओळख आहे, तर हिचंही बघ ना." बघितलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला.

धाकटी हुशार होती. नुसती हुशार असती तर मी सहन केलं असतं. ती गोड होती. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचायची, म्हणून ऑफिसात सगळे तिला 'पेन्सिल' म्हणायचे. मला नऊ वर्षांत कोणी टोपणनाव दिलं नव्हतं.

एखादी अडचण सुटली की ती पेन्सिल काढून टेबलावर वाजवायची. टक... टक... टक. तीन वेळा. तो आवाज आला की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

घरीही तेच. सासूबाईंची गोळी द्यायची आठवण तिला राहायची. माझा नवरा तिच्या विनोदांवर पोट धरून हसायचा. आणि माझी लेक... शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर टाकून "काकू!" करत तिच्याकडे धावायची.

मत्सर हा फार सभ्य शब्द झाला. माझ्या पोटात दुखायचं. खरोखर दुखायचं, हात दाबून बसावं लागेल इतकं.

आता थोडं कामाबद्दल. घाबरू नका, सोपं आहे.

आमची कंपनी डीबगर बनवते. चालू प्रोग्राम मध्येच, हव्या त्या ओळीवर थांबवून त्याच्या आत डोकावायचं साधन, तो डीबगर. प्रोग्राममध्ये व्हेरिएबल असतात. म्हणजे नाव लावलेले डबे, आत काहीतरी ठेवलेलं. आणि महिरपी कंस असतात. कंस उघडला की आतले डबे जन्माला येतात, कंस मिटला की संपतात. त्या हद्दीला म्हणायचं स्कोप. प्रत्येक ओळीवर कोण हद्दीत आहे आणि कोण गेलं, हे डीबगरने एका चौकटीत दाखवायचं.

आमचा डीबगर नेमका इथे चुकायचा. मेलेल्यांना जिवंत दाखवायचा, जिवंतांना लपवायचा.

ते दुरुस्त करायचं काम माझ्याकडे होतं. दोन वर्षं होतं. दोन वर्षं मी त्यात डोकं आपटत होते. मग साहेबांनी ते धाकटीला "जरा बघायला" दिलं.

सात आठवडे.

सात आठवड्यांत तिने ते सोडवलं.

एकोणीस जानेवारीला, रविवारी, आम्ही दोघी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. ती म्हणाली, "ताई, सुटलं गं!"

"काय?"

"स्कोपचं. एकाच नावाची दोन व्हेरिएबल असली की आपण अडकायचो ना? एक बाहेरच्या कंसात, एक आतल्या. आतलं जिवंत असेपर्यंत त्याची सावली बाहेरच्यावर पडते. बाहेरचं असतं, पण दिसत नाही. आतला कंस मिटला की बाहेरचं परत दिसायला पाहिजे. आता दिसतं!"

मी चादरीची घडी घालत राहिले.

"तपासायला मी आपल्या घराचाच प्रोग्राम केलाय," ती हसत म्हणाली. "एकतीस ओळींचा. सासू एक, मुलगे दोन, नात एक. आणि सून नावाची दोन. बाहेरच्या कंसातली तू, आतल्या कंसातली मी. माझा कंस चालू असेपर्यंत तू दिसतच नाहीस!"

ती खळखळून हसली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण तिने थट्टेत म्हटलेलं माझ्या घरात रोज घडत होतं.

"साहेबांना अजून बोलले नाहीये," ती पुढे म्हणाली. "बुधवारी देऊ. दोघींच्या नावाने. तूच पाया घातलास ना."

तिचं ते 'दोघींच्या नावाने' मला भीक घातल्यासारखं वाटलं. मी चादर तिच्या हातात कोंबली आणि खाली आले.

मंगळवारी, एकवीस जानेवारीला, धाकटी गेली. ऑफिसात, तिच्या टेबलाशी, जेवणाच्या सुट्टीत. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. एकोणतीस वर्षांची होती.

मी तिच्यापासून चार हातांवर बसले होते, तिच्याकडे पाठ करून. पेन्सिल जमिनीवर पडल्याचा आवाज आला तेव्हा मी वळले.

सगळ्यांना मी असंच सांगितलं.

घर बसून गेलं. दीर तीन दिवस बोलले नाहीत. लेक दारात जाऊन उभी राहायची. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. पण रडता रडता माझ्या मनात एक विचार येऊन गेला... आता मी दिसेन.

जानेवारी संपायच्या आत मी तिचं काम साहेबांना दिलं. माझ्या नावाने. फक्त माझ्या. फाइलच्या डोक्यावरचं तिचं नाव पुसलं, माझं घातलं. साहेबांनी पाठ थोपटली. फेब्रुवारीत मला खिडकीजवळचं टेबल मिळालं.

तिचं टेबल.

पहिल्या दिवशी खुर्चीत बसले आणि उठले. खुर्ची गरम होती. नुकतंच कोणीतरी उठून गेल्यासारखी. ऊन पडत असेल, म्हणून खिडकीकडे पाहिलं.

पडदा ओढलेला होता.

तिथूनच सुरुवात झाली.

गिऱ्हाइकांना पाठवण्याआधी शेवटची तपासणी करायची होती. मी तिचा तो घराचा प्रोग्राम उघडला. आतला कंस सव्वीस नंबरच्या ओळीला मिटत होता. मी सत्ताविसाव्या ओळीवर थांबवलं. आता चौकटीत एकच सून दिसायला हवी होती. बाहेरची.

चौकटीत दोन रांगा होत्या.

पहिली, सून... जिवंत. ही आतली होती.

दुसरी, सून... करड्या अक्षरांत. 'उपलब्ध नाही.' ही बाहेरची.

म्हटलं, काम अर्धवट राहिलं असेल बिचारीचं. खरं सांगते, मला बरं वाटलं. चुकली म्हणजे एकदाची! मी सगळा कोड पुन्हा वाचला. चूक नव्हती. पुन्हा चालवला. एकच रांग, बाहेरची सून जिवंत. बरोबर.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुन्हा चालवला.

दोन रांगा.

सकाळी चालवला की ठीक. संध्याकाळी ठीक. फक्त दुपारी एक वीसच्या सुमाराला... ती जायचं नाव घेत नव्हती.

शेजारच्या टेस्टरला हाक मारली. तो घास चावत आला, चौकट पाहिली आणि म्हणाला, "एकच तर रांग आहे. जेवून घ्या, ताई. उपाशीपोटी काहीही दिसतं."

तो वळला आणि माझ्या मागे...

टक.

टक.

टक.

मी गर्रकन वळले. मागे भिंत होती.

घरी कोणाला काही बोलले नाही. काय बोलणार? पण त्याच आठवड्यात घरात काहीतरी बिनसायला लागलं.

आधी सासूबाई. जेवायला ताटं मांडली, चार. आम्ही पाच जण. मी उभीच. त्या म्हणाल्या, "अगं बाई, चुकलंच." दुसऱ्या दिवशी पुन्हा चार. तिसऱ्या दिवशीही चार. घरात माणूस गेल्यावर म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ होणारच, असं नवरा म्हणाला. खरं होतं ते. पण गेलेल्या माणसाचं ताट जास्तीचं मांडलं जातं. असलेल्याचं कमी कसं होईल?

मग नवरा. संध्याकाळी ऑफिसातून आले, दार त्यानेच उघडलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे पाहिलं. आणि दार लावून घेतलं. मी बेल वाजवल्यावर पुन्हा उघडलं. "अरेच्चा, तू कधी आलीस?"

आणि मग लेक.

मी तिची वेणी घालत होते. ती आरशात बघत होती. म्हणाली, "काकू, घट्ट नको ना."

माझे हात थांबले. "काय म्हणालीस?"

"घट्ट नको, काकू."

"अगं, मी आई आहे."

तिने मान तिरकी करून आरशातून माझ्याकडे पाहिलं. मोठी माणसं लहान मुलांकडे बघतात ना, कौतुकाने, तसं. आणि म्हणाली, "आई दुपारी येते. शाळेत, डब्याच्या वेळी. पेन्सिल देते मला."

तिच्या दप्तरात मी हात घातला. कंपासपेटीत अर्धी झिजलेली पेन्सिल होती. टोकाशी दातांच्या खुणा होत्या.

धाकटी पेन्सिल चावायची.

मी ती खिडकीतून लांब फेकून दिली. आणि तुम्हाला वाटेल मला भीती वाटली असेल. वाटली. पण त्याच्या आधी काय वाटलं सांगू?

राग आला. मेली तरी माझ्या पोरीला सोडत नाही.

अकरा मार्चला मी ठरवूनच बसले. एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. एक वाजला तसे सगळे जेवायला बसले. मी प्रोग्राम उघडला आणि पहिल्या ओळीपासून एकेक ओळ पुढे सरकायला लागले.

सासू आली. मुलगे आले. नात आली. सून आली, बाहेरची. जिवंत.

चौदाव्या ओळीला आतला कंस उघडला. दुसरी सून आली. पहिली करडी झाली. इथपर्यंत ठीक.

नात आली.

सव्विसावी ओळ. कंस मिटला.

आतली सून गेली नाही.

सत्तावीस. अठ्ठावीस. बाहेरची करडीच. एकोणतीस. आता एकेक नाव चौकटीतून जायला लागलं. नात गेली. मुलगे गेले. सासू गेली. एकतीस.

प्रोग्राम संपला. या ओळीनंतर कोणीच उरत नाही. चौकट रिकामी व्हायला हवी.

एक रांग होती. सून. जिवंत.

तिच्या पुढे किमतीचा रकाना असतो, त्या डब्यात काय ठेवलंय ते दाखवणारा. आत्तापर्यंत तिथे आकडा होता. आता तिथे एकेक अक्षर उमटायला लागलं. सावकाश. कोणीतरी दमून टाइप करत असल्यासारखं.

ताई...

 घड्याळात एक वीस झाले होते.

ताई, ऐकतेयस ना...

आता मी कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगते.

एकवीस जानेवारीला तिने मला हाक मारली होती. आधी नुसतं "ताई." मग थोड्या वेळाने, जड जिभेने, "ताई, ऐकतेयस ना?"

माझ्या कानावर हेडफोन होते. गाणं चालू नव्हतं.

मला ऐकू आलं होतं. मला वाटलं, आता पुन्हा काहीतरी सुटल्याचं कौतुक सांगणार. बस म्हटलं जरा वाट बघत. मी वळले नाही. दोन मिनिटं, कदाचित तीन. मग पेन्सिल पडली. एक वीसला.

डॉक्टर म्हणाले, तेवढ्याने काही फरक पडला नसता. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते हेच म्हणाले.

हे शब्द तिच्या आणि माझ्याशिवाय या जगात कोणालाच माहीत नव्हते.

मी कॉम्प्युटरची वायरच उपटली. मॉनिटरचा पडदा काळा झाला. काळ्या काचेत माझं टेबल दिसलं, खुर्ची दिसली, मागची भिंत दिसली.

मी दिसले नाही.

मी धावतच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. उभ्या उभ्या सगळं ओकले. काम तिचं आहे, नाव मी बदललं, मी चोर आहे. हाक ऐकल्याचं मात्र तेव्हाही सांगितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

साहेब गोंधळून बघत राहिले. "पण तुम्हीच तर तिच्या वतीने पाठवलंत. हे बघा ना."

त्यांनी माझा मेल उघडला. 'माझ्या जावेचं शेवटचं काम पाठवत आहे.' खाली माझं नाव.

हे वाक्य मी लिहिलं नव्हतं.

फाइल उघडली. डोक्यावर तिचं नाव. फक्त तिचं.

"आणि माझी आधीची दोन वर्षं?" मी विचारलं. प्रत्येक बदल कोणी केला याची नोंद राहते आमच्याकडे. साहेब खाली खाली जात राहिले. मागच्या वर्षीचे बदल, तिचं नाव. त्याच्या आधीचे, तिचं नाव. सव्वादोन वर्षांपूर्वी मी लिहिलेली अगदी पहिली ओळ...

तिचं नाव.

"साहेब, सव्वादोन वर्षांपूर्वी ती इथे नव्हती. तेव्हा ती आमच्या घरातसुद्धा नव्हती. लग्न व्हायचं होतं तिचं!"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "सिस्टिम बदलली तेव्हा काहीतरी घोळ झाला असेल," ते म्हणाले. "तुम्ही फार दमलाय. महिनाभर सुट्टी घ्या."

घरी गेले. त्या दिवशी ताटं पाच मांडलेली होती. झोपताना लेक म्हणाली, "आई, पाय चेप." मी तिचे पाय चेपत चेपत रडले. वाटलं, सुटले. जे तिचं होतं ते तिला मिळालं. माझं होतं तेही घेऊन गेली, पण जाऊ दे.

एप्रिलच्या शेवटी ऑफिसात एक छोटासा कार्यक्रम ठेवला होता. नवा डीबगर बाहेर पडला होता आणि तिच्या नावाने तिच्या दिरांना... चुकले, माझ्या दिरांना मानपत्र द्यायचं होतं. घरातले सगळे पहिल्या रांगेत बसले. मी मागे, भिंतीजवळ बसले. शेजारच्या दोन्ही खुर्च्या मोकळ्या होत्या.

रिसेप्शनवरची बाई पाण्याचे ग्लास फिरवत आली. नऊ वर्षं मी रोज सकाळी तिला हसून आत जात होते. माझ्या हातात एक ग्लास देत तिने अदबीने विचारलं, "आपण त्यांच्याकडच्या का?"

"अहो, मी त्यांची थोरली जाऊ."

"हो का?" ती म्हणाली. "त्यांना जाऊ होती, हे माहीतच नव्हतं."

पुढे साहेब बोलत होते. असं डोकं शतकातून एखादं. असा स्वभाव. सासूबाई डोळ्यांना पदर लावत होत्या. माझा नवरा सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. लेक खुर्चीवर उभी राहून वाजवत होती.

आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

तसंच. पूर्वीसारखंच. मेलेल्या बाईचा हेवा! स्वतःचीच शिसारी आली, पण दुखायचं थांबेना. मी पोट दाबून खाली वाकले.

तेवढ्यात...

माझ्या उजव्या मनगटावर कोणीतरी हात ठेवला.

हलकेच. थंड नव्हता तो. चांगला उबदार होता. अंगठा दोनदा फिरला, समजूत घालताना फिरवतात तसा. उगी, ताई. असू दे.

शेजारची खुर्ची रिकामी होती.

मला तेव्हा कळायला हवं होतं. ती कदाचित कधीच काही हिसकावायला आली नव्हती. किंवा सगळं हिसकावून झाल्यावर आता दया दाखवत होती. कोणतं खरं, ते मला आजही सांगता येत नाही. त्या क्षणी एवढंच मनात आलं... हेसुद्धा हिलाच जमतं. माफ करणंसुद्धा.

मी हात झटकला.

जोरात. ग्लास खाली पडला. चार माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली.

त्याला आता बरेच महिने झाले. मी ती नोकरी सोडली, दुसरीकडे लागले. त्यानंतर काहीही घडलेलं नाही. कसला आवाज नाही, कोणाची चूकभूल नाही.

फक्त त्या मनगटाला मी कोणाला हात लावू देत नाही. नवऱ्यालाही नाही, लेकीलाही नाही. विचारलं तर सांगते, मुरगळलंय.

तिथली ऊब अजून गेलेली नाही.